घरातली गाणी घराची असू द्या, एकाच्या फोनची नको

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दर थोड्या दिवसांनी एखाद्या नव्या ब्लूटूथ स्पीकरची माहिती येते, बॅटरी किती तास चालते, पाण्यात पडला तर काय होतं, बेस कसा दणदणीत आहे वगैरे, आणि ते वाचायला मलाही आवडतं, पण एक गोष्ट त्यात कधीच नसते. घरात चार माणसं असतील तर त्यांनी मिळून गाणी ऐकायची कशी? स्पीकर कितीही भारी घ्या, ब्लूटूथवर गाणं कुणातरी एकाच्याच फोनमधून येतं. ज्याचा फोन त्याचं राज्य. त्याला कॉल आला की गाणं बंद. तो फोन खिशात टाकून खाली गेला की आवाज तुटक तुटक यायला लागतो आणि मग थांबतोच, कारण साधारण दहा मीटर आणि मध्ये एखादी भिंत एवढीच त्याची झेप. दुसऱ्या कुणाला पुढचं गाणं लावायचं असेल तर त्याचा फोन मागायचा, आणि आजकाल स्वतःचा अनलॉक केलेला फोन दुसऱ्याच्या हातात कोण देतंय!

माझं म्हणणं असं की घरातली गाणी घराची असावीत. एकाच्या फोनची नकोत आणि एखाद्या कंपनीच्या मर्जीवरची तर अजिबात नकोत. आणि यासाठी लागणारं बरंचसं सामान खूप जणांकडे आधीच पडून असतं, वायफाय राउटर, हळू झाला म्हणून बाजूला ठेवलेला लॅपटॉप, टीव्ही, आणि माळ्यावर धूळ खात बसलेला अॅम्प्लिफायर.

आधी स्पीकरचं बोलू. वायफायवरच्या स्पीकरला फोनवरून गाणं लावतो, म्हणजे कास्ट करतो, तेव्हा फोन फक्त सांगतो की अमुक गाणं वाजव, पुढे स्पीकर स्वतःच ते गाणं नेटवर्कवरून ओढून घेतो. म्हणजे फोनवर कॉल येवो, फोन बंद पडो, गाणं चालू राहतं. आणि काही अॅपमध्ये एकाच वायफायवर असलेले सगळे जण त्याच रांगेत आपापलं गाणं टाकू शकतात. ऐकायला साधी गोष्ट वाटते पण घरात याने बराच फरक पडतो, मुलं त्यांचं लावतात, मोठे त्यांचं लावतात, आणि मध्येच एखादं गाणं असं येतं की दोघंही विचारतात हे कुणी लावलं.

दोन-तीन खोल्यांत एकच गाणं हवं असेल तर मात्र जरा डोकं लावावं लागतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज तसाही तीसेक मिलीसेकंद उशिरा पोचतो, त्यात दोन स्पीकर एकमेकांच्या आणखी मागेपुढे वाजायला लागले की बोगद्यात उभं राहिल्यासारखा दुहेरी आवाज येतो आणि पाच मिनिटांत डोकं उठतं. म्हणून मल्टीरूमवाल्या सिस्टीममध्ये सगळे स्पीकर एकाच घड्याळाला जुळवलेले असतात, आवाज आधी थोडा साठवतात आणि ठरल्या क्षणी एकदम सोडतात. सोनोस हे २००५ पासून विकतंय, अॅपलने एअरप्ले २ या आपल्या वायफायवरून गाणी पाठवायच्या पद्धतीत २०१८ ला आणलं, आणि स्नॅपकास्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर हेच काम छान करतं. फक्त एका घरात एकच पद्धत ठेवा. एक स्पीकर या पद्धतीचा, दुसरा त्या पद्धतीचा, आणि दोघांनी मिळून सुरात वाजावं ही अपेक्षा ठेवू नका, नाही वाजत.

आता क्वालिटीवरून जे वाद चालतात त्याबद्दल थोडक्यात. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट असतो, चांगली एमपी३ ३२० किलोबिटची असते, आणि त्यातला फरक ओळखतो म्हणणाऱ्या बहुतेकांना डोळे झाकून ऐकवलं की गडबडतात. माझ्या मते स्पीकर कुठे ठेवलाय याने यापेक्षा जास्त फरक पडतो. अगदी कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेला स्पीकर घुमतो, दोन फूट पुढे ओढा, कानाच्या उंचीवर आणा, पैसा न घालता आवाज सुधारतो.

पण फाईल साठवताना मी फ्लॅक हाच फाईलचा प्रकार सांगेन. २००१ पासून आहे, फुकट आहे, सीडीतला एकही बिट हरवत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. कारण असं की फ्लॅकवरून कधीही एमपी३ बनवता येते, पण एमपी३ वरून पुन्हा दुसरी छोटी फाईल बनवली की आधीच कापलेलं आणखी कापलं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. घरात सीड्या असतील तर एकदाच नीट रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, ठेवा. काही प्रोग्राम तुमच्या सीडीचा वाचलेला डेटा इतरांनी रिप केलेल्या त्याच सीडीशी पडताळून बघतात, जुळला की निर्धास्त.

कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे की, सगळी गाणी आहेत त्यात. सबस्क्रिप्शनला माझा विरोध नाही, आमच्याकडेही आहे, फॅमिली प्लॅनमध्ये साधारण सहा जणं बसतात आणि प्रत्येकाचं खातं वेगळं राहतं म्हणून मुलांची बालगीतं आपल्या यादीत घुसत नाहीत. नवीन काही शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती गाणी आपली नसतात हे लक्षात ठेवायला हवं. याहूने २००८ मध्ये गाण्यांचं दुकान बंद केलं आणि त्याबरोबर त्या गाण्यांना कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप उघडणारे सर्व्हरही बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर चालेनात, मग ओरड झाल्यावर भरपाई द्यावी लागली. मायस्पेस नावाच्या साईटवर २०१५ पर्यंत लोकांनी टाकलेलं संगीत सर्व्हर बदलताना उडालं, तसं २०१९ मध्ये जगजाहीर झालं, आणि त्यात कित्येक हौशी बँडची एकमेव रेकॉर्डिंग होती. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या शेवटी बंद झालं, निदान तिथे यादी दुसरीकडे हलवायची सोय तरी दिली होती.

याच्या उलट एक उदाहरण मला फार आवडतं. स्क्वीझबॉक्स नावाचे वायफाय रेडिओ-प्लेअर होते, लॉजिटेकने ते २०१२ च्या सुमारास विकायचे थांबवले आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाईन सेवाही बंद केली. दुसरं कुठलं यंत्र असतं तर त्या दिवशी भंगारात गेलं असतं. पण याचं सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येईल असं होतं, घरच्या कॉम्प्युटरवर चालत होतं, लोकांनी ते लिरियन या नावाने पुढे चालू ठेवलंय, आणि ते जुने डबे आजही घराघरात वाजतायत. कंपनीने हात काढला तरी गाणं थांबलं नाही, कारण गाणं घरातच होतं.

घरचा सर्व्हर म्हणजे काही भयंकर गोष्ट नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय सारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला एक हार्डडिस्क, आणि त्यावर घरभर गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर, जेलीफिन, नॅव्हिड्रोम किंवा लिरियन यातलं एक काहीतरी. फुकट आहेत तिन्ही. तेवढंही नको असेल तर टीव्हीत बघा, घरातल्या दुसऱ्या यंत्रावरची फाईल वाजवायची डीएलएनए नावाची सोय बऱ्याच टीव्हीत असते, ते ठरवणारी संघटना २०१७ मध्ये गुंडाळली गेली पण त्यांची पद्धत अजून चालू आहे, राउटरला पेनड्राईव्ह लावला तरी काही राउटर तेवढ्यावर गाणी वाटतात. माळ्यावरचा अॅम्प्लिफायर मात्र खाली काढाच. वायर लावून त्याला वायफायवरून गाणं घेणारा छोटा रिसीव्हर जोडला की तो नव्यासारखा काम करतो, आणि जुन्या लाकडी स्पीकरचा आवाज आजच्या डबीएवढ्या स्पीकरला येणार नाही, कितीही जाहिरात करा.

खरी मेहनत सॉफ्टवेअर टाकण्यात नसते, ती टॅगमध्ये असते. टॅग म्हणजे फाईलच्या आत लिहिलेली माहिती, गायक, अल्बम, वर्ष. वीस गायकांचा एक संग्रह असेल आणि 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना रिकामा असेल तर काही प्लेअर त्याचे वीस वेगवेगळे अल्बम करून टाकतात, प्रत्येकात एक गाणं, आणि माणूस वैतागून सगळं सोडून देतो. उपाय सोपा, सगळी गाणी सिलेक्ट करून त्या रकान्यात 'विविध कलाकार' असं एकच लिहायचं. तसंच एका गायिकेचं नाव तीन स्पेलिंगनी लिहिलेलं असेल तर यादीत तीन गायिका तयार होतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचं सॉफ्टवेअर गाणं ऐकून, म्हणजे त्याच्या आवाजाचा ठसा जुळवून, ओळखतं आणि टॅग भरून देतं, पण गाजलेल्या रेकॉर्डचं ठीक असतं, आपल्याकडच्या अनवट रेकॉर्डिंगचं आपल्यालाच लिहावं लागतं. रोज थोडं थोडं करा, एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

आणि अनवट म्हणजे काय तर कॅसेटी. प्रत्येक घरात एखादी तरी असते जिच्यावर कुणीतरी मावशी, आजोबा, शेजारचे काका गायलेले असतात. ती कुठल्याच अॅपवर कधीच येणार नाही. डिजिटल करायची तर टेपचा लाईन-आउट, म्हणजे आवाज बाहेर देणारं भोक, वायरने कॉम्प्युटरला जोडायचा, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर उघडायचं, सगळ्यात मोठा आवाज त्यातल्या मीटरवर साधारण उणे ६ डेसिबलपर्यंत जाईल असा ठेवायचा, आणि तासाची कॅसेट तासभर वाजू द्यायची, शॉर्टकट नाही. एक युक्ती फार लोकांना माहीत नसते. टेपच्या हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. कॅसेट दुसऱ्याच टेपवर भरलेली असेल तर आवाज गोधडीतून आल्यासारखा बसका येतो. कॅसेट वाजत असताना तो स्क्रू अगदी थोडा, केसाएवढा फिरवायचा, आधी एका बाजूला मग दुसऱ्या, आणि एका जागी आवाज एकदम उघडतो, तंबोऱ्याची तार, श्वास घेतल्याचा आवाज, मागे कुणीतरी भांडं ठेवलेलं, सगळं बाहेर येतं. तिथे थांबायचं. खरखर काढायच्या नादात जास्त फिल्टर मारू नका, खरखरीबरोबर गळ्यातला दाणाही जातो, आणि काहीही केलं तरी मूळ फाईल तशीच जपून ठेवा. टॅगमध्ये कोण गातंय, कुठल्या निमित्ताने, तबल्यावर कोण, हे लिहा, ज्यांना माहीत आहे ते आहेत तोवर विचारून घ्या.

असल्या फाईलची एक कॉपी घराबाहेर असायलाच हवी. हार्डडिस्क कधी ना कधी जातेच, आणि दोन डिस्क एकाच डब्यात बसवल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही, पाणी शिरलं की दोन्ही जातात. एक डिस्क बहिणीकडे ठेवा, तिला ऐकताही येईल. गाणी वाटणं म्हणजे माझ्या डोक्यात हेच आहे. विकत घेतलेली गाणी सगळ्या जगाला उघडी करून ठेवणं हे त्यात येत नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं पोट त्यावर असतं. बाहेरून घरचा सर्व्हर ऐकायचा असेल तरी राउटरचं दार सताड उघडू नका, व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंत येणाऱ्या कुलूपबंद खासगी वाटेने या.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. हे सगळं घरातल्या एकाच माणसाला कळतं आणि तो गावाला गेला की घर मुकं होतं. मग फोनच्या राज्याऐवजी सर्व्हरवाल्याचं राज्य, फरक काय? म्हणून सिस्टीम अशी हवी की लहान मूल आणि आजी दोघांना विचारावं न लागता गाणं लावता आलं पाहिजे. फोनीबॉक्स नावाचा एक प्रकार लोक रास्पबेरी पायवर बनवतात, त्यात प्रत्येक अल्बमला एक कार्ड असतं, कार्ड डब्यावर ठेवलं की तो अल्बम सुरू. कार्डावर मुलं चित्रं चिकटवतात. आजींना अॅप नको, पासवर्ड नको, अपडेट नको, चष्मासुद्धा नको. आवाजाने चालणारे स्पीकरही त्यांना सोपे पडतात म्हणतात, पण त्यातला माइक सदोदित चालू असतो आणि नावं तो काहीच्या काही ऐकतो, त्यामुळे मला कार्डच बरं वाटतं.

तर साहेब, तुमच्याकडे एकच मागणी आहे. पुढच्या वेळी स्पीकरबद्दल छापाल तेव्हा बेस आणि बॅटरीच्या जोडीला एवढं बघून लिहा की त्याला वायर लावायला भोक आहे का, खातं न उघडता तो चालू होतो का, घरच्या सर्व्हरवरची फाईल वाजवतो का आणि कंपनी किती वर्षं अपडेट देणार आहे. आणि लिहिणाऱ्याला सांगा की राउटर चालू ठेवून फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढ आणि घरातलं गाणं लावून बघ. वाजलं तर तसं छापा, नाही वाजलं तर कंपनीच्या नावासकट छापा.

आपला,
पुरवणी शेवटच्या पानापासून वाचणारा एक वाचक