उंदरांना किती डोस दिला तेही छापा की

मा. संपादक,

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर मोबाईल टॉवर घ्यायचा का नाही यावरून ग्रुपवर रान पेटलंय आणि दोन्ही बाजूंनी उंदीरच पुढे केले जातायत. एकजण म्हणतो अमेरिकेत मोबाईलच्या लहरींनी उंदरांना कॅन्सर झाला, दुसरा म्हणतो तेच उंदीर जास्त जगले. दोन्ही खरं आहे, पण अर्धवट.

मी नोकरीची बरीच वर्षं एका कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे काढली, त्यामुळे असलं काही वाचलं की माझं लक्ष आधी पिंजऱ्याकडे जातं. त्या अमेरिकेच्या प्रयोगाचा, म्हणजे तिथल्या सरकारी नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा २०१८चा रिपोर्ट बघा, रॅट्स प्लास्टिकच्या पिंजऱ्यात एकेकटे, बंद चेंबरमध्ये, दहा मिनिटं लहरी चालू दहा मिनिटं बंद असं करत रोज साधारण ९ तास, तेही २ वर्षं. डोस अख्ख्या अंगाला किलोमागे १.५, ३ आणि ६ वॅट. आपल्याकडे फोनची मर्यादा १.६ आहे, पण ती शरीराच्या एका ग्रॅम भागापुरती मोजतात, अख्ख्या अंगाला नाही! नरांच्या हृदयात श्वानोमाच्या, म्हणजे नसांच्या आवरणातल्या गाठी निघाल्या, त्याला त्यांनी स्पष्ट पुरावा म्हटलंय, तेव्हा ते कुणी उडवून लावू नये. पण लहरी न दिलेले नर लवकर मेले हेही तिथेच लिहिलंय, आणि या गाठी उतारवयातल्या, म्हणजे जो लवकर मेला त्याला त्या व्हायला वेळच कमी मिळाला, मग तुलना करताना हे धरायला नको का?

टॉवरचं बोलायचं तर इटलीच्या रामाझिनी इन्स्टिट्यूटचा प्रयोग जास्त जवळचा, तिथे टॉवरसारख्या लांबून येणाऱ्या लहरी रोज १९ तास दिल्या. हृदयातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या त्या सगळ्यात वरच्या, म्हणजे मीटरला ५० व्होल्टच्या डोसला, आणि परत नरांतच. आपल्याकडे २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती, हे ग्रुपवर कुणी सांगतच नाही.

माझी कळकळीची विनंती आहे, उंदरांची बातमी देताना डोस किती, रोज किती तास, नर का मादी आणि कंट्रोल ग्रुपचं, म्हणजे लहरी न दिलेल्यांचं काय झालं एवढं तरी छापत जा, चार ओळी जास्त लागतील पण लोक उगाच भांडणार नाहीत. आणि सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून टॉवरच्या लहरींचं मोजमाप करून मागता येतं, तेही एकदा ठळक छापा, आमच्या कमिटीला मी तेच सांगतेय.

एक वाचक, कोथरूड, पुणे