लक्षद्वीप म्हणजे नुसता बीच नव्हे

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला लक्षद्वीपवरचा लेख वाचला, फोटो छानच होते पण सगळं बीच आणि रिसॉर्टवरच संपलं याचं वाईट वाटलं. 36 बेटं मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर, वस्ती फक्त 10 बेटांवर. मिनिकॉय बेटाचे लोक महल भाषा बोलतात, बाकीकडे मल्याळमची जेसरी बोली, आणि मिनिकॉयला ट्युना अजून गळाने एकेक करूनच पकडतात, मग उकडून, धुरी देऊन, वाळवून ठेवतात. गोडं पाणी मात्र प्रवाळी जमिनीखाली पातळ थरात, उपसा वाढला की खारं होतं. आम्ही दिवाडी बेटावरचे, फेरीबोटीवर अवलंबून जगणं काय ते रोज बघतो, म्हणून कळकळीने सांगतो, रिसॉर्टच्या आधी या पाण्याबद्दल छापा.

एक वाचक, दिवाडी, गोवा