बाँडवरच्या सहीनं माणूस कोंडता येत नाही, हे सांगणाऱ्या ताईस

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. आमच्या तालुका विधी सेवा समितीच्या स्वयंसेविका, एवढ्यावर आमच्या भागातले लोक ओळखतीलच.

दादाला त्या आश्रमात टाकलं तेव्हा मामांनी शंभराच्या बाँडवर सही केली होती. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. दादा रात्री-बेरात्री वावरात निघून जायचा, विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. भगत झाले, उतारे झाले, शेवटी कुणीतरी आश्रमाचा पत्ता दिला. पुढं माय भेटायला गेली की फाटकावरूनच परत. "बरा झाला का सोडतो." कधी बरा झाला, हे कोण ठरवणार? त्याच्या पायातली साखळी तिनं फटीतून पाहिली आणि तिचं जेवण सुटलं. ठाण्यात गेलो तर, "घरगुती मामला हाय, मामाले विचारा."

तुम्ही आमच्या बाजेवर बसून तो बाँड दोनदा वाचला. म्हणालात, "अशा कागदावर बैल विकता येते, माणूस कोंडता येत नाही." मायनं हे वाक्य अख्ख्या गावाला ऐकवलंय. मामांनाही, आणि तेही हसले.

मग तुमचे प्रश्न. आश्रमाची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का? कोणत्या डॉक्टरनं तपासलं? कुणाला कळवलं? सगळ्याचं उत्तर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०१ तुम्ही अर्जात घातलं: मनोरुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असेल तर ठाणेदारानं न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचंच, मामला घरगुती असो की बाहेरचा. कलम ९५ साखळीला सरळ मनाई करतं. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवायच्या अशाच एका जागी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, साखळ्यांमुळे पळता न आलेले २८ मनोरुग्ण त्यात जळाले, हे तुम्ही ठाण्यातच सांगितलंत. त्यानंतर अर्ज घ्यायला कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

कोर्टानं दादाला तपासणीसाठी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवलं, तेही जास्तीत जास्त दहा दिवसांसाठी. तिथलंही फाटक बंद पाहून माझ्या पोटात गोळा आला. मग यात न् त्यात फरक काय, असं मी तुम्हाला जरा चिडूनच विचारलं. तुम्ही बाकावर बसवून समजावलंत. माणूस स्वतःच्या जिवावर उठला असेल आणि उपचाराचा निर्णय एकट्यानं घेण्याच्या स्थितीत नसेल, तर तपासणीनंतर कायदा त्याला ठेवून घेऊ देतो. पण एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एखादा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. मुदत तीस दिवस. अशा भरतीवर नजर ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई असेल तर तीन. ठेवणं पटलं नाही तर मंडळाकडे अर्ज करता येतो, त्याचा निकाल सात दिवसांत, वकील फुकट. तीस दिवसांपुढं ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी. कुलूप दोन्हीकडं होतं, पण इथं त्याला तारीख होती आणि दाद मागायला जागा होती.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. गोळ्यांनी दादा जरा थाऱ्यावर आल्यावर तुम्ही आमच्याशी नाही, आधी त्याच्याशी बोललात. "तुझ्या वतीनं कोणी बोलावं?" आजार आहे म्हणून समज गेली असं कायदा धरत नाही, हे तुम्ही मामांना आधीच बजावलं होतं. दादा बराच वेळ गप्प होता. मग वहीच्या साध्या कागदावर त्यानं मायचं नाव लिहिलं, आणि खाली सही केली, शाळेत करायचा तशी, आडनावाखाली रेघ मारून. स्टँपपेपर लागला नाही. मायला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही तो कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला.

दादा आता घरी आहे. गोळ्या चालू आहेत, कापूस वेचायला येतो, कधी येत नाही. मामांशी बोलतो.

आता एक काम सांगते, रागावू नका. पलीकडच्या गावातल्या एका बाईची मुलगी जन्मतःच मतिमंद आहे, तिलाही कुठंतरी कोंडून ठेवलंय. तिला हा २०१७ चा कायदा लागू नाही, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. तिच्यासाठी दिव्यांग हक्क कायद्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार, आणि पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली जिल्हाधिकाऱ्यांची समिती. माझ्या लक्षात राहिलं तेवढं तिला सांगितलंय, फुकट कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबरही दिलाय. पण तिला फोनवर बोलायचा धीर होत नाही. बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीनं कोर्टात येईल. मुलीचे कागद घेऊन ये म्हटलंय, तरी विसरेल, तेव्हा दोन चकरा होतील.

तुमची,
दादाची लहान बहीण