त्या दोघांची नावे

फतेगंज, बडोदे

चि. सुहास यास,

प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

बाबांसाठी ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर तू न जेवता भरूचला परत गेलास आणि रात्री फोनवर मला एवढेच विचारलेस, "आई, त्या दोघांची नावे तरी विचारलीस का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी चिडून फोन ठेवला.

मंडळीसमोर उभी राहून मी देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे, पाळकसाहेबांचे, प्रार्थना करणाऱ्या भगिनींचे, अगदी रुग्णालयात डबा आणणाऱ्या कमलमावशीचेही मानले. मात्र जिने आपल्या बैठकीच्या खोलीत फरशीवर गुडघे टेकून, मोठ्याने आकडे मोजत तीस वेळा बाबांची छाती दाबली, दोन श्वास दिले आणि नाडी लागेपर्यंत पुनःपुन्हा तेच केले, त्या 108 रुग्णवाहिकेवरच्या मुलीचे नाव मी घेतले नाही. तिच्याबरोबर बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली नेणाऱ्या पायलटचे, म्हणजे गाडीच्या चालकाचेही नाही. आणि तू शेवटच्या बाकावर त्याच गणवेशात, रात्रपाळी करून आलेला, बसला होतास.

खरे कारण आज लिहिते. गाडीत तिने बाबांना सगळे पट्टे बांधले आणि स्वतः मात्र वरच्या दांडीला एका हाताने धरून उभी राहिली. वळणावर ती हेलकावली तेव्हा तिच्या जागी मला तू दिसलास आणि पुढे माझ्याने तिच्याकडे पाहवले नाही. रोज रात्री महामार्गावर तूही असाच उभा असतोस ना? बसता येईल तेव्हा बसावे, पट्टा लावावा; पायलटलाही सांगावे की पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल. हे लिहिताना मला कळते आहे की त्या रात्री पाच मिनिटे उशीर झाला असता तर हे पत्र लिहायचे कारणच उरले नसते. उपदेश करायचा नाही असे ठरवूनच बसले होते, क्षमा कर.

2007 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत 108 सुरू झाली तेव्हा तू शाळेत जात होतास. भोंगा ऐकू आला की मी तुझा हात धरून रस्त्याच्या कडेला थांबत असे आणि आतल्या रुग्णासाठी आपण दोघे प्रार्थना करीत असू. त्या गाडीत आणखी दोन माणसे असतात, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आले नाही. 2024 च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी चढलेले असताना तू दोन दिवसांनी घरी आलास, तेव्हाही मी आधी तुझ्या गणवेशाचा चिखल पाहिला आणि तुला रागावले. त्या दोन दिवसांत कोणाला बाहेर काढलेस, ते मी अजूनही विचारलेले नाही.

परवा मार्काचा दुसरा अध्याय वाचत होते. कफर्णहूमात चौघांनी त्या पक्षघाती माणसाला उचलून आणले, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उसकले आणि त्याला बाजेसह खाली सोडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तेथे लिहिले आहे. त्या चौघांची नावे मात्र शुभवर्तमानात नाहीत. मी हा उतारा रविवारच्या शाळेत किती वर्षे शिकवला आणि दर वेळी बरा होऊन चालत गेलेल्या माणसाविषयीच बोलले! देवाने बाबांना वाचवले असे मी आजही म्हणेन, पण त्याने ते त्या मुलीच्या हातांनी वाचवले, हे सांगायचे राहिले होते.

पाळकसाहेबांशी बोलले आहे. 14 एप्रिल हा 1944 साली मुंबईच्या गोदीतील स्फोटात मरण पावलेल्या 66 अग्निशामकांच्या स्मरणाचा दिवस असतो. त्याच्या आदल्या रविवारी अग्निशमन दलातील आणि 108 वरील माणसांसाठी उपकारस्तुती करायची असे ठरले आहे. मी पुन्हा उभी राहणार आहे. बाबाही येणार म्हणतात. तुझ्याविषयी बोलू का? रडू आवरले तर बोलेन.

त्या दोघांची नावे तुमच्या ऑफिसातून मिळाली तर शनिवारपर्यंत कळव, आणि त्यांना सुटी असेल तर दोघांनाही जेवायला घेऊन ये. येताना रात्रीचा प्रवास करू नकोस. पट्ट्याचे लक्षात ठेव.

तुझी,
आई