सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च मारून बघाच

संपादक महोदय,
जुन्या कॅमेरा लेन्सच्या जाहिरातीत 'काच एकदम क्लिअर' असं बिनधास्त लिहिलेलं असतं, पण आतला हेझ (काचेवर बसलेला धुरकट थर) वरवर बघून दिसतच नाही, त्यासाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च जरा तिरका मारायचा आणि पुढून बघायचं, मग दुधाच्या पातळ सायीसारखा थर लगेच कळतो. बारीक धागे दिसले तर ती बुरशी, ते वेगळंच प्रकरण. हेझ बऱ्याचदा फोकस रिंगच्या ग्रीसमधलं तेल उडून आतल्या काचांवर बसल्याने होतो. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की काळा रंग राखाडी पडतो, कॉन्ट्रास्ट (उजळ-काळ्यातला फरक) पार जातो, आणि विकणारे म्हणतात फोटोवर काही फरक पडत नाही, हे साफ चुकीचं आहे! पुढची काच कितीही पुसा, थर आत असतो. लेन्स खोलणाऱ्या कारागिराकडे द्यावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बऱ्याचदा निघतोही, पण कोटिंग (काचेवरचा लेप) खराब झालं असेल किंवा चिकटवलेल्या दोन काचांच्या मधे गडबड असेल तर पुसून जात नाही. म्हणून विकणाऱ्यांनी टॉर्च मारलेला एक फोटो जाहिरातीत टाकावाच, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक