यंदा डबे रिकामे ठेव

पुणे,
ऑक्टोबर २०२६

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई म्हणते, "बघू रे, अजून लांब आहे दिवाळी," आणि बाबा लगेच कृष्णेच्या पाण्यावर येतात. म्हणून लिहूनच पाठवतोय. पत्राला मधेच "ठेवते आता, कुकर झाला" असं म्हणता येत नाही.

मुद्दा एकच आहे. यंदा आम्ही येईपर्यंत फराळाचं काही म्हणजे काहीही करून ठेवू नकोस. चकली नाही, करंजी नाही, आणि "नुसता चिवडाच तर केलाय" हेही नाही. आम्ही ३० ऑक्टोबरला, शुक्रवारी रात्री सांगलीत पोचतोय. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. मधे आख्खा आठवडा आहे. माझी रजा मंजूर झालीय, तेव्हा "तुला कुठली सुट्टी मिळायला" हा मुद्दा निकालात निघाला. अनघा आणि ओवी माझ्याबरोबरच येतील. ओवीचा अभ्यास ती तिथे बसून करेल. नाही केला तर आजोबा आहेतच.

दर वर्षी आम्ही धनत्रयोदशीला बॅगा घेऊन दारात उभे राहतो तेव्हा फळीवर सगळे डबे भरलेले असतात. आम्ही हातपाय धुऊन ताटल्या पुढे ओढतो, चकली कुरकुरीत झालीय म्हणतो, आणि आमचं काम संपतं. तू लक्ष्मीपूजनाला आरतीच्या आधीच खुर्चीत पेंगतेस. मागच्या वर्षी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसली होतीस आणि ओवीनं विचारलं तर म्हणालीस, थंडी वाजतेय. ओवी नऊ वर्षांची आहे आई, ऑक्टोबरात सांगलीत थंडी नसते हे तिला कळतं. डॉक्टरांनी एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि तळण ही तर एका जागी उभं राहूनच करायची गोष्ट.

तेव्हा तळण माझ्याकडे. तू खुर्ची टाकून ओट्याशेजारी बसायचं आणि बोलायचं. बोलण्यात तुला कुणी हरवू शकत नाही.

आता काय करायचं आणि किती, ते. वाड्यात होतो तेव्हा क्रोशाच्या रुमालाखाली ताटं घरोघर जायची, दहा घरांची उलटी यायची, म्हणून डबे भरून करावं लागायचं. आता आपल्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांना साखर आहे आणि उरलेल्यांना कोलेस्टेरॉल. गेल्या दिवाळीत वरच्या मजल्यावर दिलेले आपलेच रव्याचे लाडू तिसऱ्या घराहून आपल्याकडे परत आले, हे बाबांनीच ओळखलं, त्यातल्या बेदाण्यावरून. म्हणजे कुणीच खात नाही आणि सगळे करतात! माझं म्हणणं, जे घरच्यासारखं बाहेर मिळत नाही तेवढंच घरी करू: चकली, करंजी, अनारसे, नानकटाई. चारच जिन्नस, एकेक डबा. शेव आणि चिवडा बचत गटाच्या बायकांकडून घेऊ. त्यांचं बरं चालतं, आणि खरं सांगू का, शेव घरची की बाहेरची हे चवीवरून मला तरी आजवर सांगता आलेलं नाही. तुला येतं, ठाऊक आहे.

चकलीचं सांगतो. भाजणी आधी दळून ठेवू नकोस, भाजायची मलाच आहे. तुझ्या वहीत प्रमाण आहे: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ. तिथपर्यंत ठीक. पुढे धने, जिरे, पोहे या सगळ्यांसमोर एकच शब्द, "अंदाजे". तो अंदाज तुझ्या मुठीत आहे, आणि ती मूठ मला वजनकाट्यावर हवीय. तू मूठभर धने घे, मी काट्यावर ठेवतो, ओवी वहीत ग्रॅम लिहील. मोहनाचंही तसंच. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दात मागते, हे तू नेहमी सांगतेस. पण बरोबर किती, ते तेलाच्या पळीकडे बघून ठरवतेस. यंदा ती पळीसुद्धा मोजायची.

तळताना तू फेसाकडे बघतेस हे मी लहानपणापासून पाहतोय. चकली टाकली की तेल उसळतं, म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. फेस बसत आला की पाणी संपत आलं. रंग आला म्हणून घाईनं काढली तर आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. हे शास्त्र मी आता वाचलं, तू आजीकडे बघून शिकलीस. यंदा हवाही आपल्या बाजूनं आहे. अधिक मास आल्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात सरकलीय, ऑक्टोबरचा दमटपणा तोवर गेलेला असेल.

सोऱ्या मात्र आपला पितळीच घ्यायचा. २०१९ च्या पुरानंतर आपण खालच्या कपाटातून चिखल काढत होतो तेव्हा त्याच्या चांदणीच्या ताटलीत गाळ घट्ट बसला होता आणि बाबा दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक टोक साफ करत होते. घरात तेव्हा प्यायला पाणी टँकरचं, आणि यांचं चकलीच्या ताटलीचं चाललंय, म्हणून तू चिडली होतीस. पुरात मिक्सर गेला, फ्रिज गेला, सोऱ्या राहिला. त्याचा दट्ट्या आता तुला दाबवत नाही हे मला कळलंय. कणीक मळताना तू मनगट धरतेस तेही.

अनारशांवरून माझं तुझ्याशी जरा भांडण आहे. मेअखेरीस, अधिक ज्येष्ठात, भर उन्हाळ्यात तू भाऊजींसाठी ३३ अनारसे एकटीनं केलेस आणि आम्हाला कळलं ते ताईनं फोटो पाठवल्यावर. जावयाचं वाण द्यायचं हे मान्य, भाऊजी माणूस चांगला, पण त्यांनीच नंतर मला सांगितलं की त्यांना निम्मे परत करावेसे वाटत होते. या वेळी अनारशांचं पीठ मी इथूनच करून आणतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग पंचावर सावलीत पसरायचे, पुरते वाळू न देता दमट असतानाच दळून चाळायचे. गूळ बाबांनी दिलेल्या कोल्हापुरी ढेपेतलाच आहे अजून. पिठात कालवून गोळा करून डब्यात ठेवला की तो तळायच्या दिवसापर्यंत मुरेल. तूप किती तापलंय एवढं तू बघ. अनारसा हसला तर जबाबदारी माझी. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप उडवत राहायचं, पाठ आहे मला सगळं.

करंजी ओव्हनमध्ये भाजावी असं अनघाच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही इथे करून बघितली. वाईट झाली नाही; पापुद्रे सुटले, कारण साटा भरपूर लावला होता. पण ती खारीची सारण भरलेली बहीण झाली, करंजी नव्हे. तळलेल्या करंजीला जे बारीक फोड येतात ते नाहीतच. शंकरपाळ्यांना ओव्हन चालतो, चकलीला अजिबात नाही: गरम तेलात पाणी झटकन निघून जाळी पडते, ओव्हनमध्ये हळूहळू वाळून नुसती कडक काठी होते. तेव्हा करंजी तळूनच, फक्त थोडी. लाटून ठेवलेल्यांवर ओलं फडकं घालायचं काम आणि कातण ओवीला दिलंय. सारणात तासगावचा बेदाणा घालायचा की नाही यावर तुम्हा दोघांचा दर वर्षी होणारा वाद यंदाही व्हायला माझी हरकत नाही.

बाबा, नानकटाई तुमची.

मला आठवतं, आई स्टीलच्या मोठ्या डब्यात मैदा, बेसन, रवा, तूप, पिठीसाखर वेगवेगळं बांधून द्यायची आणि आपण दोघं सायकलवरून बेकरीत जायचो. तिथे ओट्यावर तो माणूस आपल्यासमोरच तूप-साखर तळहातानं फेसायचा, पांढरं आणि हलकं होईपर्यंत, मग बाकीचं मिसळून गोळे थापून काळ्या पत्र्यांवर मांडायचा. पत्र्यावर खडूनं आपला नंबर. पाव रात्री भाजून झालेले असायचे आणि दुपारी भट्टी उतरतीला लागलेली असायची. नानकटाईला तीच आच लागते, मंद आणि चहूकडून. तुम्ही दिवाळी अंक उघडून बाकावर बसायचात आणि मी आपला पत्रा दुसऱ्या कुणाला तर जात नाही ना, यावर डोळा ठेवून उभा. आणि घरी जाताना गरम डब्याचं झाकण किलकिलं ठेवायचं, नाहीतर वाफ धरून नानकटाई मऊ पडेल, असं तो बजावून सांगायचा.

अशा भट्ट्या आता कमी होत चालल्यात. मुंबईत तर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धुराचा विचार केला तर बरोबरच आहे, चव काय व्हायची ती होवो. आपली बेकरी अजून घरचं पीठ घेत असेल तर विचारून या. नसेल तर मी आमचा छोटा ओव्हन गाडीत घालून आणतो. त्यात १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटांत होते. बाहेर काढताना ती बोटाला मऊ लागते, तेव्हा "अजून कच्ची आहे" म्हणून परत आत ढकलायची नाही, गार होता होता आळते. तूप थिजलेलं हवं, पातळ नको. फेसायचं काम तुम्ही करायचं. फेसलेल्या तुपाचा थेंब पाण्यात टाकला आणि तरंगला की झालं, तोवर थांबायचं नाही.

तुमच्या साखरेबद्दल दोनच वाक्यं. शुगरफ्री पावडर घातलेली नानकटाई मी करणार नाही, ती कुणालाच आवडत नाही आणि तुम्ही ती चार खाता. खरी करू, जेवणाबरोबर एक खायची, आणि रात्री डबा उघडल्याचा आवाज आला तर ओवी पहाऱ्यावर आहे.

जर्मनीत सोहमला पाठवायचं पार्सल ताई करतेय. तिला चकली आणि बचत गटाचा चिवडा द्यायचा, तुपातलं काही नाही. युरोपात बाहेरून दुधातुपाचे पदार्थ येऊ देत नाहीत, उगाच पार्सल अडकायला नको. आजीच्या हातची करंजी हवी असेल तर तिकीट काढून ये म्हणावं.

बाबा, तुमच्याकडे दोन कामं. गिरणीवाल्याला सांगून ठेवा की शनिवारी सकाळी भाजणी आणतोय, गव्हावर घालायची नाही, आधी मूठभर तांदूळ घालून दगड पुसून घ्यायचा. दुसरं, स्वयंपाकघरातला फिल्टरशेजारचा जाड पिनांचा पॉइंट चालू आहे का, ते वायरमनला बोलावून बघून घ्या. ओव्हन साध्या पॉइंटवर लावायचा नाही.

आई, तुझ्याकडे एकच काम, ते वर लिहिलंय.

अनघाचा आणि ओवीचा नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. बेसनाच्या लाडवांबद्दल मी काही लिहिलं नाही, म्हणजे ते करून ठेवलेले चालतील असा अर्थ काढू नकोस. ताईला मी सांगितलंय, ती बुधवारी अचानक येऊन डबे तपासणार आहे.