वकिलाने खुनी शोधलाच पाहिजे का?

माननीय संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतील रहस्यकथांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात वकील-गुप्तहेरांची बोळवण ‘काळा कोट घातलेले गुप्तहेर’ एवढ्या चार शब्दांत केली आहे, ते पटले नाही. फौजदारी न्यायालयात आरोपींची बाजू मांडण्यात माझी हयात गेली आणि रहस्यकथांचे वेड तर त्याही आधीपासूनचे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

गुप्तहेराला कोडे सुटण्याशी मतलब असतो. संशयित सगळे सारखेच, आणि त्यांतला कोणीही खुनी निघाला तरी त्याचे काही अडत नाही. वकिलाकडे कोड्याच्या आधी माणूस येतो, तोही बहुधा कोठडीतून, आणि वकीलपत्र स्वीकारल्या क्षणापासून वकिलाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे ठरून जाते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याला उघड करता येत नाही, हाती लागलेला पुरावा दडपता येत नाही, आणि जे कळले ते कायद्याने ग्राह्य धरले जाईल अशा स्वरूपात न्यायाधीशांपुढे आणता आले नाही, तर ते कळूनही उपयोगाचे नसते. दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून केलेला तर्कशुद्ध खुलासा उलटतपासणीत पाच मिनिटेही टिकणार नाही, असे कितीतरी नामांकित कथा वाचताना मला वाटत आले आहे.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध नाव पेरी मेसनचे. 1933 साली अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी त्याला जन्म दिला आणि पुढे त्याच्यावर ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेले गृहस्थ होते आणि ते पानोपानी जाणवते. मेसनच्या खटल्यांतील बरेचसे गाजलेले प्रसंग मुख्य खटल्यातले नसून प्राथमिक सुनावणीतले असतात, हे सर्वसामान्य वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. तिथे ज्युरी नसते. आरोपीवर खटला चालवण्याइतपत पुरावा आहे की नाही, एवढेच न्यायाधीशांना पाहायचे असते. त्यामुळे बचावाचा वकील एरवी या टप्प्यावर फारसे बोलत नाही, आपले पत्ते राखून ठेवतो. मेसन नेमका तिथेच सरकारी वकील हॅमिल्टन बर्गरच्या साक्षीदारांना भिडतो. ज्युरी निवडण्याचा, तिच्यापुढे भाषणे करण्याचा सगळा पसारा त्यामुळे टळतो आणि लेखकाला सरळ उलटतपासणीला हात घालता येतो. ही युक्ती वकिली केलेल्या माणसालाच सुचावी.

उलटतपासणीचे सामर्थ्य किती असते, याचे उत्तम उदाहरण कथेतले नव्हे तर प्रत्यक्षातले आहे. 1858 साली अब्राहम लिंकन यांनी डफ आर्मस्ट्राँग या तरुणाचा खुनाच्या खटल्यात बचाव केला. मारहाण रात्रीची होती, आणि डोक्यावर आलेल्या चंद्राच्या उजेडात आपण ती सुमारे दीडशे फुटांवरून पाहिली, असे मुख्य साक्षीदार सांगत होता. लिंकन यांनी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतले, त्याला मागे फिरायला वाट ठेवली नाही, आणि मग पंचांग पुढे केले. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आर्मस्ट्राँग निर्दोष सुटला. यात ना भिंग होते, ना पाठलाग, ना वेषांतर. साक्षीदाराच्या कोणत्या वाक्यावर त्याचा सगळा डोलारा उभा आहे हे ओळखणे, एवढाच काय तो तपास. वकील-गुप्तहेराची खरी कला मला इथे दिसते.

माझी तक्रार मात्र पेरी मेसनपासूनच सुरू होते. त्याचा अशील जवळपास नेहमीच निरपराध असतो आणि दर वेळी खरा गुन्हेगार भर न्यायालयात उघडा पडतो. 1957 ते 1966 या काळात चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेने तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली कबुली घराघरांत पोहोचवली. वाचनाची मजा मीही भरपूर लुटली आहे, पण यातून एक घातक समज रुजला: आरोपी निर्दोष ठरायचा असेल तर त्याच्या जागी दुसरा कोणीतरी दोषी म्हणून उभा करून दाखवला पाहिजे. कायदा असे कधीही म्हणत नाही. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वस्वी फिर्यादी पक्षाची असते आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. 1935 सालच्या वुलमिंग्टन खटल्यात इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने या तत्त्वाला फौजदारी कायद्यातला सोन्याचा धागा म्हटले. गार्डनर यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. अन्यायाने शिक्षा भोगणाऱ्यांची प्रकरणे तज्ज्ञांकडून नव्याने तपासून घेण्याचा उपक्रम त्यांनीच 1948 साली हाती घेतला होता.

म्हणूनच जॉन मॉर्टिमर यांच्या कथांमधला वकील होरेस रंपोल मला अधिक जवळचा वाटतो. मॉर्टिमरही बॅरिस्टर होते. रंपोल हा सोन्याचा धागा येताजाता उच्चारतो, रक्ताच्या डागांचे बारकावे जाणतो, तरी खुनी शोधून देणे हे आपले काम आहे असे मानत नाही. काही वेळा तो खटला जिंकतो आणि सत्य मात्र त्याला नको असलेले निघते.

माझ्या एका अशिलाची खुनाच्या आरोपातून सुटका झाली, तेव्हा त्याच्या वृद्ध आईने मला विचारले, ‘‘मग मारलं कोणी हो, वकीलसाहेब?’’ मला उत्तर देता आले नाही आणि आजही देता येणार नाही. न्यायालयानेही मला ते विचारले नव्हते.

सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासमुळे हा प्रकार मराठी वाचकांनाही परिचयाचा आहे. त्या आईचा प्रश्न अनुत्तरित ठेवूनही वाचकाला शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी कथा मराठीत लिहिली जावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. पुरवणीत या विषयावर स्वतंत्र लेख द्यावा, ही आपणास विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील